प्रोग्राम चालतो, मग दाखवायचा कशाला?

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघाले की औष्णिक विद्युत केंद्राची उंच धुराडी दुरूनच दिसू लागतात. त्या केंद्राच्या वसाहतीत राहणारी अकरावीची एक विद्यार्थिनी विज्ञान प्रदर्शनाच्या चार दिवस आधी माझ्याकडे आली. बगलेत गुंडाळलेला मोठा तक्ता होता आणि चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा आनंद. दारातूनच ती म्हणाली, "सर, कापरेकरांच्या नियमाला अडुसष्ट अपवाद सापडले!"

मी चपापलो. कापरेकर म्हणजे आमच्या शेजारच्या देवळालीचे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीला शाळेत शिकवले आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळत ते असे काही शोधून बसले, की १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्या कामाची ओळख जगाला करून दिली. १९८६ साली कापरेकर वारले. त्यांच्या कामातला सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे ६१७४ ही संख्या.

हा खेळ ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त तिचे चारही अंक सारखे नकोत. समजा, ३५२४ घेतली. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, ५४३२. मग चढत्या क्रमाने लिहा, २३४५. मोठीतून लहान वजा करा. उत्तर ३०८७. आता याच उत्तरावर तीच क्रिया करा: ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. पुन्हा करा: ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आणखी पुढे गेलात तर ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४च. संख्या येथे येऊन अडकते. कापरेकरांचे म्हणणे असे की कोठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर पोचताच. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले, तेव्हा त्यांच्या हाताशी संगणक नव्हता.

आमच्या विद्यार्थिनीकडे मात्र संगणक होता. तिने एक प्रोग्राम लिहिला (जुन्या पुस्तकांत याला 'आज्ञावली' म्हणत, शब्द चांगला आहे, पण आता कोणी वापरत नाही). त्याचा सांगाडा मराठीत असा मांडता येईल:

१. एक चार अंकी संख्या घ्या. तिला क म्हणा.
२. क चे अंक उतरत्या क्रमाने मांडून जी संख्या होईल ती अ.
३. क चे अंक चढत्या क्रमाने मांडून जी संख्या होईल ती ब.
४. अ मधून ब वजा करा. उत्तराला पुन्हा क म्हणा.
५. क ही ६१७४ असेल तर 'पोचली' असे लिहा. नसेल तर पायरी २ पासून पुन्हा.

'पुन्हा' हा शब्द संगणकाला कसा सांगायचा हे तिला तेव्हा नीट येत नव्हते. म्हणून तिने पायरी २ ते ४ एकाखाली एक दहा वेळा उतरवून काढल्या होत्या. सात पुरतात, तीन खबरदारीच्या. दहा वेळांतही ६१७४ आली नाही तर 'पोचली नाही' असे छापायचे. मग तिने स्वतः हाताने सोडवलेली दहा उदाहरणे प्रोग्रामाला घातली. दहाही उत्तरे जुळली. प्रोग्राम चालत होता!

त्या भरवशावर तिने १००० पासून ९९९९ पर्यंतच्या सगळ्या ९००० संख्या त्यातून काढल्या. संगणकाने ७७ संख्यांपुढे 'पोचली नाही' असे छापले. त्यांतल्या नऊ म्हणजे ११११, २२२२ वगैरे; त्या कापरेकरांनी आधीच वगळलेल्या. उरल्या ६८. त्या तिने लाल शाईने तक्त्यावर लिहिल्या होत्या आणि वर मथळा होता, 'कापरेकरांचा नियम चुकीचा!'

खरे सांगायचे तर मीही त्या क्षणी गोंधळलो. तिने दहा चाचण्या केल्या होत्या, प्रोग्राम माझ्यासमोर चालवून दाखवला होता, आणि उत्तरे भराभर येत होती. प्रोग्रामाच्या ओळी काही मी वाचल्या नाहीत. पडद्यावर काय उमटते तेवढेच पाहिले. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मापकाची सुई शून्यावर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय मी एकाही विद्यार्थ्याला वाचन घेऊ देत नाही, आणि येथे मात्र यंत्राच्या उत्तरावर विश्वास टाकून मोकळा झालो. मी एवढेच म्हणालो, "प्रदर्शनात लावण्याआधी आणखी कोणाला तरी दाखवू."

आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. आता निवृत्त आहेत. संगणकाला त्यांनी कधी हात लावलेला नाही. आम्ही तक्ता घेऊन त्यांच्याकडे गेलो. बाईंनी चष्मा लावून यादी वाचली आणि पहिला प्रश्न विचारला तो प्रोग्रामाविषयी नव्हताच. "अगं, या सगळ्या एकाच घरच्या दिसतात की! १०००, १०११, १२२२, २१११, २१२२... प्रत्येकीत तीन अंक सारखे आणि चौथा एकानं कमी नाहीतर जास्त."

यादी आम्ही दोघांनी दहा वेळा पाहिली होती. हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

मग बाई म्हणाल्या, "आता २१११ घे आणि माझ्यासमोर कागदावर कर." तिने केले. २१११ वजा १११२ बरोबर ९९९. "पुढं?" "९९९ वजा ९९९, शून्य. म्हणून अडकते, बाई." बाई हसल्या. "शाळेत चार अंकी वजाबाकी केलीस तर उत्तर कसं लिहायचीस? ०९९९. ते पुढचं शून्य कुठं गेलं?"

०९९९ धरून पुढे जाऊन पाहा: ९९९० वजा ०९९९ बरोबर ८९९१, ९९८१ वजा १८९९ बरोबर ८०८२, ८८२० वजा ०२८८ बरोबर ८५३२, आणि मग ६१७४. पाच वजाबाक्यांत गाडी स्टेशनात! संगणकाच्या लेखी संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते, म्हणून ०९९९ आणि ९९९ त्याला एकच. त्याने तीनच अंक पाहिले, त्यांची उलटसुलट मांडणी सारखीच आली आणि वजाबाकी शून्य झाली. कापरेकरांचा नियम शाबूत होता. ६८ संख्यांवर चूक करत होता तो प्रोग्राम.

तक्ता गुंडाळला गेला. मुलीचे डोळे भरून आले होते, हे येथे सांगितले पाहिजे. कारण आपले काम दुसऱ्याला दाखवण्यात जे भय असते ते हेच. पण जरा विचार करा. हाच तक्ता प्रदर्शनात टांगला असता, आणि शेजारच्याच गावच्या गणितज्ञावर चुकीचा ठपका ठेवणारा मथळा शेकडो लोकांनी वाचला असता. बाईंच्या ओसरीवर ओशाळणे त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडले.

मग तिच्या दहा चाचण्यांनी ही चूक का पकडली नाही? हिशेब सोपा आहे. दर १३२ संख्यांमागे सरासरी एकच अशी अडचणीची आहे. मनाला येतील त्या दहा संख्या निवडल्या, तर त्यांत अशी एकही नसण्याची शक्यता सुमारे ९३ टक्के निघते. म्हणजे तिने निष्काळजीपणा केला असे नाही. दहा नमुन्यांची जाळी एवढ्या बारीक माशाला फार मोठी होती, एवढेच.

दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त प्रोग्राम घेऊन आली. पायरी २ च्या आधी तिने एक नवी ओळ घातली होती: 'क चे चार अंक होईपर्यंत डावीकडे शून्ये जोडा.' आता फक्त नऊच संख्या 'पोचली नाही' म्हणून येत होत्या. उत्तर बिनचूक. प्रोग्राम आता खरोखरच चालत होता.

या वेळी मात्र मी ओळीवर बोट ठेवून सगळा प्रोग्राम वाचला, आणि सातव्या उताऱ्यापाशी थांबलो. एकच मजकूर दहा ठिकाणी उतरवलेला असल्यामुळे नवी ओळही दहा ठिकाणी घालायची होती. तिने नऊ ठिकाणी घातली होती. सातव्या ठिकाणी विसरली होती. तरीही ९००० पैकी एकाही संख्येचे उत्तर चुकले नव्हते! असे का व्हावे?

याचे उत्तर थोड्या बीजगणितात आहे, आणि ते बाईंच्या दुसऱ्या शेऱ्यातून निघाले. "नऊ हजार संख्या कशाला तपासतेस?" असे त्या निरोप देताना म्हणाल्या होत्या. समजा, चार अंक उतरत्या क्रमाने त, थ, द, ध असे आहेत. मोठ्या संख्येतून लहान वजा केली की उत्तर येते

९९९ × (त – ध) + ९० × (थ – द).

म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर मूळ अंक कोणते होते याला काही महत्त्व उरत नाही. उरतात दोनच गोष्टी: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकातला 'बाहेरचा फरक' आणि मधल्या दोन अंकांतला 'आतला फरक'. ३५२४ मध्ये बाहेरचा फरक ३ आणि आतला १. ८७६५ मध्येही तेवढेच. म्हणून दोघींचे उत्तर एकच, ३०८७. बाहेरचा फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो, आणि आतला फरक त्याहून मोठा असू शकत नाही. बाहेरचा १ असेल तर आतला ० किंवा १, असे दोन प्रकार; बाहेरचा २ असेल तर तीन; असे करत ९ ला दहा. २ + ३ + ४ + ... + १० = ५४. नऊ हजारांच्या जागी चोपन्न! एवढे तर कागदावरही तपासून होते.

तुम्ही म्हणाल, संगणक नऊ हजार संख्याही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काढतो. मग काय वाचले? चार अंकांना फारसे काही वाचले नाही, हे कबूल. पण आठ अंकी संख्या घेतल्या तर त्या ९ कोटी आहेत, आणि याच युक्तीने फक्त ७१४ प्रकार तपासले की काम भागते. शिवाय वेगापेक्षा मोठी गोष्ट अशी की सातव्या उताऱ्याचे कोडे आता सुटते.

वजाबाकीतून आलेल्या संख्या नीट पाहा. ३०८७ मध्ये टोकाचे दोन अंक ३ आणि ७, बेरीज १०. मधले ० आणि ८, बेरीज ८. ८३५२ मध्ये ८ व २, ३ व ५. पुन्हा १० आणि ८. ६१७४ चेही तसेच. आतला फरक शून्य नसेल तेव्हा नेहमी असेच होते (वरच्या सूत्रावरून हे सिद्ध करून पाहा, कठीण नाही). आता शून्य गळण्याचा धोका केव्हा? वजाबाकी ९९९ येते तेव्हाच, म्हणजे तीन अंक सारखे आणि चौथा एकाने वेगळा असतो तेव्हा. अशा चार अंकांच्या कशाही दोन जोड्या पाडा. एका जोडीची बेरीज सम येते, दुसरीची विषम. पण आपल्याला तर १० आणि ८, दोन्ही सम हव्यात. आणि आतला फरक शून्य असेल तर मधले अंक ९, ९ येतात आणि टोकाच्या दोघांची बेरीज ९ भरते; तेथे तिसरा ९ आलाच तर सोबतीला ० येतो, ८ येत नाही. म्हणून ९९९ हे उत्तर फक्त पहिल्याच वजाबाकीत येऊ शकते, पुढे कधीच नाही. सातव्या उताऱ्यातली चूक त्यामुळे कायमची झाकलेली होती.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पहिली चूक निदान उत्तरात दिसत होती; ही दुसरी कोणत्याही चाचणीत कधीच दिसली नसती. ती दिसली प्रोग्राम *वाचल्यामुळे*. आणि उद्या कोणी त्यातला सातवा उतारा उचलून दुसऱ्या प्रोग्रामात दुसऱ्या क्रमांकावर वापरला असता, तर तेथे ती पुन्हा डोके वर काढती.

शेवटी तिने दहा उतारे काढून टाकले आणि एकच उतारा 'पुन्हा पुन्हा करा' अशा आज्ञेत बसवला. चूक दुरुस्त करायची जागा आता एकच राहिली. अ, ब, क ही नावे जाऊन 'उतरती', 'चढती', 'फरक' अशी नावे आली. १४० ओळींच्या जागी २२ झाल्या. उत्तर तेच, नऊ संख्या.

हे सर्व पाहून तिचे वडील मला जे म्हणाले ते नोंदवण्याजोगे आहे. ते केंद्रात पाळीवर काम करतात. एकलहऱ्याला २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. १९७९ ते १९८१ या काळात ते उभे राहिले. अशा ठिकाणी एखादा पंप दुरुस्तीला काढायचा झाला तर आधी 'परमिट' निघते. वडील म्हणाले, "व्हॉल्व्ह बंद केला असं एकानं सांगून आमच्याकडे भागत नाही, सर. दुसरा जाऊन बघतो. पहिल्यावर विश्वास नाही म्हणून नाही. त्यानं स्वतः केलंय, म्हणून त्याला ते झाल्यासारखंच दिसतं." प्रोग्राम लिहिणाऱ्याचेही असेच असते. आपण काय लिहिले ते आपल्याला दिसत नाही. काय लिहायचे होते ते दिसते.

संगणकाच्या जगात हे ज्ञान नवे नाही. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा आपल्या देशात बांधलेला संगणक चालू झाला. त्या काळात जगभरच यंत्राचा वेळ इतका महाग होता की प्रोग्राम कागदावर वाचून तपासल्याखेरीज यंत्राला देणे परवडत नसे. पुढे यंत्रे स्वस्त झाली आणि वाचण्याची सवय सुटू लागली. १९७१ साली जेराल्ड वाइनबर्ग यांनी प्रोग्रामरांच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिले आणि बजावले, की प्रोग्राम म्हणजे आपलाच अवयव असे मानू नका. तो सहकाऱ्यांना मोकळेपणाने वाचू द्या. १९७६ साली आयबीएम कंपनीतले मायकेल फॅगन यांनी या वाचनाची शिस्तशीर पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की प्रोग्राम बैठकीत समजावून सांगतो तो त्याचा लेखक नसतो. दुसराच कोणी तरी ओळीओळीने आपल्या शब्दांत सांगत जातो. तो अडखळला की समजावे, त्या ओळीत काही तरी आहे.

'चालतो' या शब्दावर किती विसंबावे याचे एक महागडे उदाहरण ४ जून १९९६ चे आहे. त्या दिवशी युरोपचे नवे अग्निबाण 'एरियन ५' पहिल्या उड्डाणावर निघाले आणि चाळीस सेकंदांच्या आतबाहेर मार्ग सोडून नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतला प्रोग्रामाचा एक भाग आधीच्या 'एरियन ४' मधून उचलला होता. तेथे तो वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला होता. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेत बसवली जाई. त्या जागेत ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. जुन्या बाणाचा वेग कधी तेथवर गेला नव्हता; नवा बाण जास्त जोरात निघाला आणि संख्या मावेनाशी झाली. गंमत म्हणावी की दुर्दैव, उड्डाणानंतर त्या भागाचे नव्या बाणाला काही कामच नव्हते! नव्या बाणाचा वेग हातात धरून कोणी त्या ओळी पुन्हा वाचल्या असत्या, तर 'ही संख्या किती मोठी होऊ शकते?' हा प्रश्न बहुधा निघाला असता.

आणि पाठ्यपुस्तकातली रीतही यातून सुटत नाही. क्रमाने लावलेल्या यादीत एखादी गोष्ट शोधताना नेहमी यादीच्या मधोमध पाहायचे आणि निम्मी यादी टाकून द्यायची, ही रीत तुम्ही शब्दकोश उघडताना नकळत वापरता. मधली जागा काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून निम्मी करतात. 'जावा' भाषेच्या अधिकृत संग्रहातला या रीतीचा प्रोग्राम बरीच वर्षे जगभर वापरात होता. २००६ साली उघड झाले की यादी प्रचंड मोठी असेल तर ती बेरीजच २१४ कोटींची मर्यादा ओलांडते आणि उत्तर ऋण येते. उपाय एका ओळीचा: आधी दोन टोकांतला फरक काढा, तो निम्मा करा, मग पहिल्या टोकात मिळवा.

आता तुमच्यापैकी अनेक जण शाळेत प्रोग्राम लिहितात, म्हणून थोडे व्यवहाराचे. तो दाखवायचा कोणाला? पहिला वाचक वर्गातला मित्र असावा. त्याला तुमच्या इतकेच येते, म्हणून त्याला जे कळले नाही ते बहुधा खरोखरच अस्पष्ट असते. दुसरा वाचक तो विषय जाणणारा असावा, मग त्याला संगणक येत नसला तरी चालेल. शून्य हरवल्याचे बाईंनी पकडले, ते प्रोग्राम वाचून नव्हे, वजाबाकी वाचून. तिसरा वाचक म्हणजे ती भाषा मुरलेला कोणी अनुभवी. असा माणूस गावात नसेल तर इंटरनेटवर प्रोग्राम मांडून अनोळखी जाणकारांचे मत घेता येते. जगातले पुष्कळसे मुक्त सॉफ्टवेअर असेच, एकाने लिहिलेले दुसऱ्याने वाचल्यावरच स्वीकारले जाते. १९९१ साली लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने आपल्या 'लिनक्स'ची बातमी अशीच अनोळखी लोकांपुढे मांडून त्यांच्या सूचना मागितल्या होत्या. हल्ली यंत्रेही प्रोग्राम वाचून सूचना देतात. जरूर घ्याव्यात, मात्र त्याही तपासूनच.

मागताना मात्र नुसते 'कसा आहे?' असे विचारू नका. उत्तर 'छान आहे' असेच येईल. प्रोग्राम काय करतो, कोणत्या संख्यांवर तपासला आणि तुम्हाला शंका कोठे वाटते, एवढे चार ओळींत लिहा. न चालणारा प्रोग्राम घेऊन गेलात तर सगळा वेळ तो चालता करण्यात जाईल, म्हणून आधी तो स्वतः चालवून न्या. फार लांब असेल तर एक तुकडा न्या. पाचशे ओळी कोणी मनापासून वाचत नाही, मी तर नाहीच. आणि वर्गाच्या गुणांचा प्रोग्राम बाहेर दाखवणार असाल तर मुलांची खरी नावे व गुण काढून खोटी माहिती भरा. सांगणाऱ्यानेही 'तू चुकलीस' असे म्हणण्यापेक्षा 'येथे २१११ घातले तर काय होते?' असे विचारावे. बाईंनी तेच केले.

प्रदर्शनात नवा तक्ता लागला. त्यावर ५४ चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीतून बाण निघून शेवटी ६१७४ ला मिळत होते. खाली लहान अक्षरांत जुनी ६८ संख्यांची यादी होती आणि ती का चुकली हेही लिहिले होते. लोक त्या यादीपाशी जास्त वेळ थांबत, हे मी पाहिले.

वाचकांसाठी दोन उदाहरणे ठेवतो. तीन अंकी संख्यांवर हीच क्रिया केली तर सगळ्या ४९५ वर पोचतात. येथे ५४ च्या ऐवजी किती प्रकार तपासावे लागतील, आणि शून्य गळण्याचा धोका कोणत्या फरकाला आहे? दुसरे जरा अवघड. पाच अंकी संख्यांना असा एकच मुक्काम नाही. ५३९५५ घेऊन पाहा: ९५५५३ वजा ३५५५९ बरोबर ५९९९४, आणि ९९९५४ वजा ४५९९९ बरोबर पुन्हा ५३९५५. संख्या दोन घरांत येरझारा घालत राहते. 'आधीचेच उत्तर पुन्हा आले की थांब' असे तुमच्या प्रोग्रामात लिहिले असेल, तर तो येथे कधीच थांबणार नाही. थांबण्याची अट कशी बदलाल? लिहून झाले की शेजारच्या बाकावर द्या.